थिबा राजवाडा, रत्नागिरी

थिबा राजवाडा (थिबा पॅलेस) : ब्रह्मदेशाचा (आजच्या म्यानमारचा) पदच्युत राजा थिबा याच्यासाठी ब्रिटिश सरकारने रत्नागिरी शहरात बांधलेली वास्तू. ती १९१० मध्ये पुरी झाली. नावात राजवाडा असला तरी ही इमारत सुरुवातीपासून सरकारची. राजा तिच्यात राहिला तो राजकैदी म्हणून, आणि त्याच्यामागेही ती सरकारी वापरातच राहिली.

नोव्हेंबर १८८५ मध्ये तिसऱ्या इंग्रज-ब्रह्मी युद्धात थिबाची राजधानी मंडाले पडली. थिबा, पट्टराणी सुपयालत, धाकटी राणी आणि राजकन्या यांना आधी मद्रासला व तेथून एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीला आणण्यात आले. जागेची निवड विचारपूर्वक झाली होती. रत्नागिरी जिल्ह्याचे ठिकाण, त्यामुळे कलेक्टर आणि पोलीस हाताशी. रेल्वे मात्र नाही, घाटवाटा अवघड आणि पावसाळ्यात आगबोटी बंद. थोडक्यात, कैद्याला ठेवायला उत्तम गाव. पुढे वि. दा. सावरकर यांनाही सरकारने १९२४ पासून १९३७ पर्यंत याच जिल्ह्यात स्थानबद्ध ठेवले. शेवटचा मोगल बादशहा बहादुरशहा जफर याला इंग्रजांनी १८५८ मध्ये ब्रह्मदेशातल्या रंगूनला धाडले होते. थिबाच्या बाबतीत तोच प्रवास उलट दिशेने घडला.

राजपरिवाराने जवळजवळ पाव शतक बंगल्यांत काढले. तनखा सरकारचा, पहारा सरकारचा, आणि दागदागिने हळूहळू विकले जात होते. नव्या निवासस्थानाचा प्रश्न बरीच वर्षे लोंबकळल्यावर विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बांधकाम सुरू झाले.

भाट्ये खाडी आणि समुद्र नजरेत येतील अशा उंचवट्यावर ही इमारत उभी आहे. मध्ये चौक, त्याभोवती दालने, वर उतरती कौलारू छपरे. कोकणच्या पावसात याहून शहाणी रचना सुचणे कठीण. भिंतींचा लालसर रंग कोकणातल्या डोळ्यांना ओळखीचा वाटतो. लाकडी खिडक्यांच्या अर्धवर्तुळाकृती माथ्यांवर कोरीव काम आहे. पहिल्या मजल्यावरच्या मोठ्या दालनाची फरशी संगमरवरी आहे. मागच्या बाजूला बुद्धमूर्ती आहे. बाहेरून पाहता ही वास्तू ब्रह्मी राजवाड्यापेक्षा वसाहतकाळातल्या एखाद्या ऐसपैस सरकारी बंगल्याच्या घराण्यातलीच वाटते.

या घराचा उपभोग थिबाला फार काळ मिळाला नाही. धाकटी राणी १९१२ मध्ये वारली आणि डिसेंबर १९१६ मध्ये थिबाचेही निधन झाले. त्याचा देह मायदेशी नेण्याची सुपयालतची इच्छा होती; पण मेलेला राजा मंडालेत गेला तर लोकांची मने पुन्हा पेटतील, या धास्तीने सरकारने परवानगी नाकारली. अखेर १९१९ मध्ये रत्नागिरीतच दफन झाले. राजवाड्यापासून थोड्या अंतरावर, आजच्या शिवाजीनगर भागात, थिबा आणि धाकट्या राणीची थडगी आहेत. त्याच वर्षी सुपयालत रंगूनला परतली. तेथे ती १९२५ मध्ये वारली. थोरली राजकन्या मात्र पुन्हा रत्नागिरीत आली. येथल्याच एका मराठी माणसापासून तिला मुलगी झाली होती आणि तो वंश रत्नागिरीतच मराठी बोलत वाढला. राजकन्येचे निधन १९४७ मध्ये झाले.

राजपरिवार गेल्यावर इमारत सरकारी कामांसाठी वापरली गेली. शासकीय तंत्रनिकेतनही बरीच वर्षे येथे होते. राजाच्या दालनांत मुले अभियांत्रिकीचे धडे गिरवत होती, ही आठवण सांगणारी माणसे रत्नागिरीत आजही भेटतात. पुढे वास्तू राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे आली आणि तिच्यात वस्तुसंग्रहालय सुरू झाले. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष थेन सेन यांनी रत्नागिरीत येऊन थिबाच्या थडग्याला भेट दिली. राजवाड्याच्या आवारात जानेवारीत शास्त्रीय संगीताचा महोत्सव भरतो. जवळचे ‘थिबा पॉइंट’ हे खाडी आणि समुद्र न्याहाळण्याचे ठिकाणही राजाच्याच नावाने ओळखले जाते.