एजंट की वार्ताहर : नव्या पत्रकार संघटनेआधीचा जुना घोळ

पश्चिम विदर्भातल्या तालुका पत्रकारांची नवी संघटना जुळते आहे. विमा, मानधन, हल्ल्यांपासून संरक्षण असे विषय पहिल्या बैठकीपुढे होते. बैठक अडली ती 'सभासद कोण' या एकाच कलमावर.

वाद १९५५च्या श्रमिक पत्रकार कायद्याइतका जुना आहे. 'मुख्य व्यवसाय पत्रकारितेचा' असलेला नोकरदार, तोच पत्रकार. पुढे अंशकालीन नोकरीही त्यात धरली गेली, पण 'मुख्य व्यवसाय' हलला नाही. नागपुरात ही अट खपून जाते. दारव्हा, मंगरुळपीरकडे बातमी देणारा बहुतेकदा पेपरचा एजंटच असतो. डिपॉझिट त्याचे, पहाटे गठ्ठे उतरवणार तो, वसुली त्याचीच, नेत्याच्या वाढदिवसाची पुरवणीही त्याच्याच गळ्यात. घर चालते शेतीवर, नाहीतर झेरॉक्सच्या दुकानावर. खिशात ओळखपत्र असते. नियुक्तीपत्र मागितले की एजन्सीच जायची. बातमीत मात्र तो 'तालुका प्रतिनिधी'. कुणाचा प्रतिनिधी, हे पेपरवाल्यांनी कधी स्पष्ट केले नाही, आणि त्यांच्या सोयीचेच होते ते.

बातमीचे पाकीट एसटीने पाठवायचे दिवस होते तोवर हे कुणाला खुपले नाही. खुपायला लागले २००५-०६मध्ये. शेतकरी आत्महत्यांमुळे देशभरचे कॅमेरे यवतमाळात उतरले. जुलै २००६मध्ये सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर झाले. कोणत्या गावात, कोणाच्या घरी जायचे, हे पाहुण्यांना दाखवले ते याच माणसांनी. नाव छापून आले पाहुण्यांचे. २०१७मध्ये फवारणीच्या विषबाधेच्या वेळीही दवाखान्याच्या दारात आधी तेच उभे होते.

त्याच वर्षी राज्यात पत्रकारांवरील हल्ल्यांविरोधातला कायदा मंजूर झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड. पण रेतीच्या बातमीवरून मार खाल्लेला माणूस ठाण्यात गेला, की पहिला प्रश्न येतो, "तुम्ही पत्रकार कशावरून?" कायद्याच्या व्याख्येत 'मुख्य व्यवसाय' पुन्हा आहेच. म्हणून संरक्षण आधी की सभासदत्व आधी, हे भांडण वरवर वाटते तेवढे पोरकट नाही. २०२०च्या श्रमसंहितेने श्रमिक पत्रकाराच्या व्याख्येत डिजिटल माध्यमेही आणली, तेव्हा आता यूट्यूबवालेही दारात उभे आहेत.

नोंदणीचा पेच याचाच. कामगार संघटना म्हणून अर्जाला किमान सात जण लागतात, ते मिळतील, पण मग नोकरी दाखवायची कुठून? संस्था म्हणून नोंदवली तर एजंट आत येतात, पण मालकाशी पगाराची बोलणी करायचे बळ उरत नाही.

मसुद्यात सध्या एवढेच लिहिले आहे : एजन्सी ज्याच्या नावावर, त्याला मतदानाचा हक्क नाही. एजन्सी बायकोच्या नावावर करून ठेवायची रीत इकडे जुनीच आहे.