पुढचा डिरेलर: स्क्रू फिरवायचा की केबल ताणायची?

सायकलचा पुढचा गिअर नीट पडेना की हात आधी स्क्रू ड्रायव्हरकडे जातो. डिरेलरवर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणाऱ्या भागावर, 'एच' आणि 'एल' असे दोन स्क्रू समोरच दिसतात, मग ते थोडे इकडे, थोडे तिकडे. बहुतेक वेळा दोष त्यांचा नसतोच.

हे स्क्रू डिरेलरला हलवत नाहीत, अडवतात; दाराच्या स्टॉपरसारखे. 'एल' फ्रेमच्या बाजूची हद्द ठरवतो, 'एच' पेडलच्या बाजूची. त्या हद्दीत डिरेलर हलतो तो शिफ्टर (गिअर बदलायचा खटका) आणि केबलच्या ताणावर.

चेन पडत असेल तर प्रश्न सोपा. मोठ्या चेनरिंगवरून (पेडलजवळच्या दातेरी चक्रावरून) बाहेर पडली तर 'एच' सैल, छोट्यावरून आत पडली तर 'एल' सैल. पाव-पाव फेरा आवळत जा.

घोटाळा होतो तो चेन चढत नाही तेव्हा. केबल सैल असली तरी चेन मोठ्या चेनरिंगवर जात नाही, आणि 'एच' जास्त आवळला तरी जात नाही. लक्षण एकच. सायकल स्टँडवर घ्या, मोठ्या चेनरिंगचा गिअर टाका, पेडल फिरवत असताना डाउन ट्यूबवरची (फ्रेमच्या खालच्या तिरक्या नळीवरची) उघडी केबल हाताने बाहेर ओढा. चेन चढली तर केबल सैल होती. तरीही चढली नाही तर 'एच' पाहा. (बोटं चेनपासून लांब ठेवा.) त्याआधी डिरेलरच जागेवर आहे ना, हेही बघा: चेन त्याच्या दोन पट्ट्यांमधून जाते, त्यातली बाहेरची पट्टी चेनरिंगला समांतर आणि मोठ्या चेनरिंगच्या दातांपेक्षा 1 ते 3 मिलिमीटर वर हवी. ती जागा चुकली असेल तर पुढची सगळी खटपट फुकट.

चेन छोट्या चेनरिंगवर उतरताना हाच गोंधळ उलटा. केबल फार ताणलेली असली की डिरेलर पुरता आत येत नाही आणि आपण बिचाऱ्या 'एल'ला सैल करत बसतो. म्हणून 'एल' लावताना केबल आधी सोडून द्यायची. चेन पुढे सर्वांत छोट्या आणि मागे सर्वांत मोठ्या चक्रावर, आणि आतल्या पट्टीत व चेनमध्ये जेमतेम अर्धा मिलिमीटर फट.

तीन चेनरिंगच्या सायकलवर मधल्या चेनरिंगला स्क्रूच नाही. तिथे गिअर बसेना तर आधी केबलच बघायची.

आतापर्यंत नीट चालणारी सायकल अचानक कुरकुरायला लागली, तर मी स्क्रूला शेवटी हात लावेन. ते सहसा आपोआप फिरत नाहीत. केबल मात्र ढिली पडते, नवीन असेल तर हमखास, कारण तिचं आउटर, म्हणजे वरचं आवरण, वापरात दबून बसतं. बॅरल अॅडजस्टर (केबलचा ताण कमी-जास्त करायची फिरकी) घड्याळाच्या उलट अर्धा फेरा फिरवला की बरेचदा भागतं. बॅरल नसेल तर डिरेलरवरचा केबल धरणारा बोल्ट सैल करून केबल ओढून पुन्हा आवळायची.

पुढे मोठं-मागे मोठं किंवा पुढे छोटं-मागे छोटं असताना चेन पट्टीला घासते, ती यातल्या कशानेच पूर्ण थांबत नाही. तिथे गिअर बदला.