पणजोबाचं नाव कुठल्या दप्तरात सापडतं? सातारा-सांगलीकडच्या शेतकरी घराण्यांच्या कागदांमागची पार्श्वभूमी

घराण्याचा इतिहास काढायचा म्हटलं की माणूस पहिल्यांदा तहसीलला जातो आणि सातबारा मागतो, पण आपल्या भागात त्याआधी एक गोष्ट ठरवावी लागते, ती म्हणजे आपलं गाव त्या काळात कुणाच्या राज्यात होतं. कारण सारा जो वसूल करायचा कागद त्याचाच, आणि इथं तर शेजारशेजारच्या गावांचे मालक वेगळे. वाळवा, शिराळा, खानापूर हा भाग साताऱ्याच्या राज्यातला, सांगली-मिरज पटवर्धनांकडं, जत डफळ्यांचं, फलटण नाईक निंबाळकरांचं, आणि औंध संस्थान तर तुकड्यातुकड्यात पसरलेलं, म्हणजे आटपाडी आणि कुंडल आज सांगली जिल्ह्यात असले तरी तेव्हा पंतप्रतिनिधींचे. १८४८ ला साताऱ्याची गादी खालसा झाली आणि तो मुलूख इंग्रजांकडं गेला. शंभर वर्षांनी, मार्च १९४८ मध्ये, संस्थानं विलीन झाली, १९४९ ला दक्षिण सातारा जिल्हा निघाला आणि १९६० ला त्याचं नाव सांगली झालं. त्यामुळं वाळव्याच्या माणसाला जुन्या कागदावर "जिल्हा सातारा" दिसलं तर घाबरायचं कारण नाही, कागद आपलाच असतो.

आता १८४८ च्या आधीचं. तेव्हा शेतकऱ्याचे ढोबळ दोन प्रकार, एक मिरासदार म्हणजे ज्याची जमीन वंशपरंपरेनं त्याची, आणि दुसरा उपरी, जो बाहेरून येऊन कसायचा. मिरासदाराच्या जमिनीला थळ म्हणायचे आणि गावातली थळं कुणाकुणाची आहेत याची यादी म्हणजे थळझाडा. तुमच्या गावाचा थळझाडा शिल्लक असेल तर ते सोनं आहे, कारण त्यात जुनी घराणी एकापाठोपाठ एक येतात, गतकुळं म्हणजे गाव सोडून गेलेली किंवा वंश संपलेली घराणीसुद्धा. वादाचा निवाडा झाला की महजर लिहायचे आणि खाली गोताच्या म्हणजे निवाड्याला बसलेल्या गावकरी-भाऊबंदांच्या सह्या, लिहिता न येणारा कुणबी आपली निशाणी नांगर करायचा, बाकीचे बलुतेदार आपापल्या हत्याराची. हे सगळं मोडी लिपीत.

या कागदांत दोन ठिकाणी माणूस अडकतो. एक म्हणजे आडनाव बहुतेक वेळा नसतंच, नुसतं "अमका बिन तमका", म्हणजे अमका हा तमक्याचा मुलगा, आणि बाईचं नाव असलं तर "कोम" लावून नवऱ्याचं नाव. एकाच गावात चार खंडू बिन ज्योती निघतात, मग आजोबा-पणजोबांच्या नावांची साखळी जुळवत बसावं लागतं. दुसरं म्हणजे तारीख. शके असेल तर ७८ मिळवायचे, फसली असेल तर ५९०, आणि सुहूर सन असेल तर ५९९, पण तो आकड्यात नसतो, अरबी शब्दात असतो. "इहिदे अर्बैन मया व अलफ" म्हणजे एक, चाळीस, शंभर आणि हजार, झाले ११४१, म्हणजे इसवी १७४०-४१. हे साल मृगापासून सुरू व्हायचं, म्हणून वैशाखातला कागद असेल तर एक वर्ष पुढं धरावं लागतं.

बरं, हे कागद टिकले कसे हेही बघायला पाहिजे. इंग्रजांना कुणाची जमीन इनाम आणि कुणाची सारा भरणारी हे ठरवायचं होतं, त्यासाठी इनाम कमिशन बसलं आणि १८५२ ला त्याचा कायदा झाला, आणि त्या चौकशीसाठी जुनी दप्तरं गोळा झाली. आज पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराबरोबर सातारकर महाराजांचं दप्तरही रुमालात बांधून ठेवलंय. पण यातनं एक असमतोल आला तो मला फार खुपतो. ज्याच्याकडं इनाम किंवा वतन, म्हणजे पाटीलकी, कुलकर्णीपण, देशमुखी, त्याच्या घराण्याचे कागद भरपूर, कारण भांडायला काहीतरी होतं, आणि ज्यानं नुसता नांगर धरला आणि सारा भरला त्याचं नाव गावच्या हिशोबात एका ओळीत. तुमच्या घराण्याचं काही सापडलं नाही याचा अर्थ घराणं गावात नव्हतं असा होत नाही, हे नीट लक्षात ठेवा.

साध्या शेतकऱ्याचं नाव जमिनीच्या तुकड्याशी पक्कं जोडलं गेलं ते सर्व्हेनंतर. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५-३६ ला इंदापूरपासून जी पद्धत सुरू केली तीच खालसा झाल्यावर सातारा भागात आली, जमीन मोजली, नंबर पाडले, मातीची प्रतवारी आण्यांत केली आणि तीस वर्षांसाठी आकार ठरवला. त्या वेळचे टिपण, आकारबंद म्हणजे नंबरवार क्षेत्र आणि आकाराची यादी, शेतवार पत्रक, नंतरच्या पोटहिश्श्यांच्या फाळणीचे नकाशे, हे आजही मोजणी ऑफिसात म्हणजे भूमी अभिलेखला मागता येतात. टिपण बघाच एकदा, मोजणीची साखळी कुठून कुठं नेली ते त्यावर असतं आणि तुमच्या बांधाचा आकार तेव्हाही तसाच वाकडा होता हे दिसतं.

तरीपण घर म्हणून घर दिसायला लागतं ते १९०३ च्या हक्कनोंदणीच्या कायद्यानंतर, कारण त्याच्यामुळं फेरफार आले, म्हणजे जमिनीवरच्या नावात बदल झाला की होणारी नोंद, ज्याला जुनी माणसं ड पत्रक म्हणतात. माझ्या मते सगळ्यात जीवंत कागद हाच. नमुन्यादाखल एक नोंद कशी असते बघा: खातेदार अमुक तारखेस मयत, वारस मुलगा वय वर्षे सहा, अज्ञान (म्हणजे सज्ञान न झालेला), अ.पा.क. म्हणजे अज्ञानाची पालनकर्ती आई अमुक कोम अमुक, खाली नि.डा.हा.अं. म्हणजे निशाणी डाव्या हाताचा अंगठा, आणि शेवटी सर्कलची म्हणजे मंडल अधिकाऱ्याची मंजुरीची सही. चार ओळींत एका घराची अख्खी उलथापालथ येते. ती बाई पुढची दहा-बारा वर्षं शेत सांभाळते, सारा भरते, आणि मुलगा सज्ञान झाला की पुढच्या फेरफाराला तिचं नाव कमी होतं. मुलींची तर त्याहून वाईट गत, १९५६ च्या वारसा कायद्याच्या आधी त्यांची नावं सहसा येतच नाहीत, नंतर आली तरी बऱ्याच ठिकाणी इतर हक्कात, आणि मग हक्कसोड. सातबाऱ्यावर ए.कु.क. म्हणजे एकत्र कुटुंब कर्ता म्हणून एकाच भावाचं नाव दिसतं तेव्हा बाकीचे भाऊ त्याच्यामागं असतात, वंशावळ काढताना ते हमखास सुटतात.

फेरफाराच्या जोडीला कोतवाल बुक बघायचं, म्हणजे गाव नमुना १४, जन्ममृत्यूचं. जुनी बुकं बऱ्याचदा मोडीत आहेत. यात प्लेगाची वर्षं आणि १९१८ ची मानमोडी म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ लगेच ओळखू येते, एकाच घरात काही दिवसांच्या अंतरानं नावं लागलेली असतात, आणि मग फेरफारात त्याच घराला अज्ञान वारस का लागला ते कळतं. याच बुकातल्या जातीच्या रकान्यात कुणबी लिहिलेलं असतं, म्हणून २०२३ पासून मराठ्यांच्या कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामानंतर ही बुकं शोधायला गर्दी वाढली. काहीजण साताऱ्याचं १८८५ चं गॅझेटियर घेऊन त्यात आपलं घराणं शोधतात, पण त्यात जातींची, पिकांची, गावांची माहिती आहे, सामान्य खातेदारांची यादी नाही.

कर्जाचा कागद बहुतेक लोक विसरतात. १८७५ ला सुप्याला सावकारांविरुद्ध दंगा झाला, त्यानंतर १८७९ ला शेतकऱ्यांना संरक्षण देणारा कायदा आला, तो पहिल्यांदा पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांना लागू होता. त्यानं शेतकऱ्याचे गहाण-खरेदीचे व्यवहार नोंदवायला लावले. घरात कुठं जुनं गहाणखत असेल तर फेकू नका, त्यात चतुःसीमा असते आणि चतुःसीमेत शेजारी असतात, बरेचदा तेच आपले भाऊबंद.

स्वातंत्र्यानंतरचं थोडक्यात सांगतो. कूळकायदा १९४८ चा, १ एप्रिल १९५७ ला कूळ मालक मानलं गेलं, कुळाच्या घरात त्या कायद्याच्या कलम ३२ ग ची किंमत ठरल्याचे आणि ३२ म च्या खरेदी दाखल्याचे कागद असतात. वतनं १९५० नंतर टप्प्याटप्प्यानं गेली. पण सगळ्यात मोठा घोळ एकत्रीकरणानं, म्हणजे जमिनीचे विखुरलेले तुकडे एकत्र करण्याच्या योजनेनं झाला, सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले आणि साखळी तुटली. एकत्रीकरण योजनेच्या पत्रकात जुना नंबर आणि नवा गट शेजारीशेजारी मिळतात, ते हातात आल्याशिवाय मागं जाऊच नका, नाहीतर दुसऱ्याच्याच शेताचा इतिहास काढत बसाल.

सरकारी दप्तराबाहेरचं म्हणाल तर आपल्याकडं हेळवी येतात, बैल घेऊन, आणि घराण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची नावं वाचून दाखवतात, मूळ गाव कुठलं, कुलदैवत कुठलं, कोण कुठं पांगलं. पंढरपूरच्या क्षेत्रोपाध्यांच्या वह्याही तशाच. यांचं मोल मी फार मानतो, कारण सरकारी कागद जमीन सोडून गेलेल्या भावाला सोडून देतो आणि हेळव्याच्या वहीत तो असतो. मात्र साल पक्कं करायला कागदच लागतो, म्हणून हेळव्यानं सांगितलेलं नाव आणि फेरफारातलं नाव दोन्ही समोरासमोर ठेवून बघायचं.

आता बरंच स्कॅन झालंय, "आपले अभिलेख" या सरकारी संकेतस्थळावर मिळालं तर बघा, नाहीतर तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज. अर्ज करताना फक्त आपल्या नोंदीची नक्कल मागू नका, अख्ख्या पानाची मागा आणि जमलं तर मागच्या-पुढच्या पानांचीही, कारण वाटणी झालेल्या भावांच्या नोंदी बऱ्याचदा लागोपाठ पडलेल्या असतात, आणि कागद मोडीत असेल तर वाचणाऱ्याकडून आधी अक्षरास अक्षर बाळबोध म्हणजे देवनागरीत उतरवून घ्या, अर्थ मागाहून लावता येतो.