चर्चच्या जवळ, देवापासून लांब

‘म्हाताऱ्या मूर्खाइतका मूर्ख कोणी नाही.’ ‘घोड्याला पाण्यापर्यंत नेता येतं, पाणी पाजता येत नाही.’ असल्या इंग्रजी म्हणी कुणी रचल्या हे विचारण्यात अर्थ नाही. घोड्याची म्हण तर बाराव्या शतकापासून सापडते. त्या गोळा कुणी केल्या, हे मात्र सांगता येतं, आणि ती कहाणी जास्त रंगतदार आहे.

जॉन हेवूड हा इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्या दरबारातला वादक आणि नाटककार. १५४६ साली त्याने शेकडो म्हणी एका संवादात गुंफून छापल्या. विषय लग्नाचा! एका तरुणाला पेच पडलाय: देखण्या पण कफल्लक मुलीशी लग्न करावं, की पैसेवाल्या म्हाताऱ्या विधवेशी? उत्तरादाखल त्याला दोन संसारांची हकिकत ऐकवली जाते. दोन्हींचं पार मातेरं झालेलं. त्यातली भांडणंही म्हणींतूनच चालतात. एकाने एक म्हण फेकायची, दुसऱ्याने दुसरी परतवायची. शहाणपणापेक्षा हत्यार म्हणूनच त्या जास्त वापरल्या आहेत.

दोनच वर्षांपूर्वी हा विनोदी गृहस्थ फाशीच्या दारातून परतला होता. तो कट्टर कॅथलिक. पोप नव्हे, राजा हाच इंग्लंडमधल्या चर्चचा प्रमुख, हे न मानल्याबद्दल त्याच्यावर राजद्रोहाचा ठपका आला. १५४४ मध्ये लंडनच्या सेंट पॉल चर्चच्या आवारात, लोकांसमोर आपलं मत मागे घेतलं तेव्हा कुठे जीव वाचला. त्याच माणसाच्या पुस्तकात ही म्हण आहे: ‘चर्चच्या जवळ, देवापासून लांब.’ ती त्याची नव्हेच. रॉबर्ट मॅनिंग नावाच्या ख्रिस्ती मठवाशाने १३०३ मध्येच ती ‘लोक असं म्हणतात’ म्हणून नोंदवली होती. स्वतःच्या तोंडून जे काढायची सोय नाही, ते लोकांच्या नावावर खपतं. हेवूडला हे नेमकं कळलं असावं, असं मला वाटतं. पुढे प्रोटेस्टंट राणी पहिली एलिझाबेथ हिच्या काळात, १५६४ मध्ये, त्याला देश सोडावाच लागला.

गंमत म्हणजे नंतरचा मोठा संग्राहक जॉन रे हाही धर्माच्याच वादात पोळलेला. तो प्रोटेस्टंट. १६६२ मध्ये सरकारला हवं ते लिहून द्यायला नकार दिला आणि केंब्रिजमधलं पद गमावलं. मग वनस्पतींच्या शोधात गावोगाव हिंडला. १६७० साली त्याची दोन पुस्तकं आली: एक इंग्लंडमधल्या झाडाझुडपांची यादी, दुसरं इंग्रजी म्हणींचं.