प्रेम, ध्यास आणि मालकी: एका विचाराची पार्श्वभूमी

'एकतर्फी प्रेमातून' आणि 'चारित्र्याच्या संशयावरून' हे शब्द खुनाच्या बातम्यांत इतके रुळले आहेत की, अशा खुनाचे मूळ प्रेमातच असते असे वाचक सहज धरून चालतो. माणसाच्या भावनांची आणि वर्तनाची मुळे उत्क्रांतीत शोधणाऱ्या उत्क्रांती मानसशास्त्राने मात्र त्यामागे प्रेमापेक्षा वेगळीच भावना शोधली.

या विचाराची बीजे चार्ल्स डार्विनने १८७१ मध्ये मांडलेल्या लैंगिक निवडीच्या, म्हणजे जोडीदार मिळवण्याच्या चढाओढीतून गुण घडत जातात या, सिद्धांतात आहेत. १९७२ मध्ये जीवशास्त्रज्ञ रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी अपत्यासाठी नर आणि मादी किती झीज सोसतात, याच्याशी त्यांच्या वर्तनाचा संबंध जोडला. आईला मूल आपलेच असल्याची खात्री असते, बापाला ती नसते. म्हणून तो जोडीदारावर पहारा ठेवतो, ही पुरुषी मत्सराची उपपत्ती येथूनच पुढे आली.

खरी कलाटणी दिली ती कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञ मार्टिन डेली आणि मार्गो विल्सन यांनी. घरातली मारहाण दडपता येते, प्रेत सहसा दडत नाही, म्हणून त्यांनी खुनांच्याच नोंदी अभ्यासल्या. डेट्रॉइट शहरातील १९७२ सालच्या खुनांपैकी ५८ खून मत्सरातून झाल्याचे दिसले आणि त्यांतील ४७ प्रकरणांत मत्सरग्रस्त व्यक्ती पुरुष होती. या वृत्तीला त्यांनी मालकीची भावना म्हटले. 'माझी नाही, तर कुणाचीच नाही' ही आपल्याकडची धमकी ऐकली की तो शब्द किती नेमका आहे, ते कळते.

ध्यासाचे काय? इटलीतील पिसा येथे दोनातेला माराझ्झिती यांनी १९९९ मध्ये नुकत्याच प्रेमात पडलेल्या, दिवसातले किमान चार तास जोडीदाराच्याच विचारात घालवणाऱ्या २० जणांचे रक्त तपासले. सेरोटोनिन या मेंदूतील रसायनाशी निगडित एक घटक त्यांच्यात मंत्रचळेपणाच्या (तोच विचार, तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या विकाराच्या) रुग्णांइतकाच कमी आढळला. वर्षभरानंतर काहींची पुन्हा तपासणी केली, तेव्हा तो पूर्ववत झाला होता. नमुना लहान असला, तरी ध्यास ओसरतो एवढे त्यातून सूचित होते. मालकीची भावना तशी आपोआप ओसरत नाही.

खून ही उत्क्रांतीने घडवलेली प्रवृत्तीच आहे, असे उत्क्रांती मानसशास्त्रज्ञ डेव्हिड बस यांनी पुढे मांडले. डेली आणि विल्सन यांना तो धाक दाखवून ताबा ठेवण्याच्या वृत्तीचा अतिरेक वाटतो आणि मला हेच अधिक पटते, कारण जिला धरून ठेवायचे तिलाच मारून हाती काहीच उरत नाही. १९९३ मध्ये डेली आणि विल्सन यांनी कॅनडा, ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स आणि शिकागो येथील नोंदी तपासल्या, तेव्हा नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या स्त्रियांच्या जिवाला एकत्र राहणाऱ्या स्त्रियांपेक्षा अधिक धोका असल्याचे आढळले. बाई माहेरी आली म्हणजे सुटली, हा समज या नोंदींपुढे टिकत नाही.