फिटची गोळी आणि मुलाची हाडं

मुलाला फिटची गोळी सुरू झाली की घरच्यांचं सगळं लक्ष एकाच गोष्टीकडे: परत फिट आली का? साहजिकच आहे. पण त्याच गोळीमुळे यकृतात आणखी एक गोष्ट घडते आणि तिचा हिशोब हाडांना द्यावा लागतो.

फेनोबार्बिटोन (गार्डिनल), फेनिटॉइन (एप्टॉइन), कार्बामाझेपिन ही जुनी, स्वस्त आणि गुणकारी औषधं. ती शरीराबाहेर काढण्यासाठी यकृत ठरावीक एन्झाइम (रसायनांची मोडतोड करणारी प्रथिनं) जास्त बनवू लागतं. गोम अशी की हे वाढलेले एन्झाइम ड जीवनसत्त्वाचाही फडशा पाडतात. ड कमी पडलं की आतड्यातून कॅल्शियम नीट शोषलं जात नाही. रक्तातलं कॅल्शियम मात्र घसरून चालत नाही, म्हणून गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी ते हाडांतून काढून घेतात. ही औषधं बरीच वर्षं घेणाऱ्या मुलांमध्ये मुडदूस (हाडं मऊ पडून वाकणं) आढळल्याच्या नोंदी युरोपात 1960च्या दशकातच झाल्या होत्या.

‘आमचा रोज दोन कप दूध पितो की!’ दुधात कॅल्शियम असतं, ड जवळजवळ नसतं. पिशवीवर ‘+एफ’ची खूण असेल तर ते वरून घातलेलं असतं. राहिलं ऊन. पण फिट येईल या धास्तीने मुलाला अंगणातही न सोडणारी घरं काय कमी आहेत? सर्वांत जास्त धोका चालू न शकणाऱ्या आणि एकाहून अधिक औषधं घेणाऱ्या मुलांना.

शरीरात ड किती आहे हे पाहायला रक्तातल्या ‘25-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी’ची तपासणी करता येते. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या निकषानुसार एका मिलिलिटरला 20 नॅनोग्रॅमपेक्षा जास्त असेल तर पुरेसं, 12च्या खाली गेलं तर कमतरता. आकडा कमी आला म्हणून फिटची गोळी बंद करायची नाही. अचानक थांबवली तर न थांबणारी फिट येऊ शकते. ड वेगळं देता येतं, मात्रा डॉक्टर ठरवतील. साठ हजार युनिटच्या पुड्या मनानेच देत राहणंही घातक.

फॉलिक अ‍ॅसिड या ब गटातल्या जीवनसत्त्वाची गंमत निराळीच. फेनिटॉइनमुळे ते कमी होतं, पण ते भरून काढायला परस्पर मोठा डोस दिला तर रक्तातलं फेनिटॉइनच घसरतं आणि थांबलेल्या फिट पुन्हा सुरू होऊ शकतात.

व्हॅलप्रोएट हे फिटचंच आणखी एक औषध, पण ते यकृतातले हे एन्झाइम वाढवत नाही. ते कमी करतं कार्निटिन, म्हणजे चरबीचं इंधन करायला लागणारा पदार्थ. दोन वर्षांखालचं मूल हे औषध घेत असताना सुस्तावलं, उलट्या करू लागलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.