मिठाची भूक असते, लोहाची नसते

एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा चाळिशी सहज ओलांडतो. पूर्व भागातल्या यंत्रमाग कारखान्यातून पाळी संपवून निघालेल्या कामगाराच्या बनियनवर घाम वाळून पांढरे डाग पडलेले असतात. ते मीठ. घरी गेल्यावर त्याला मीठ घातलेलं ताक हवंसं वाटतं, ते केवळ सवयीनं नव्हे. सोडियम घटलं की मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक सोडतात. मेंदूच्या तळाशी मस्तिष्कस्तंभात त्याची चाहूल घेणाऱ्या मोजक्याच चेतापेशी आहेत. त्या जाग्या झाल्या की जीव मिठाकडे ओढ घेतो. (रोज शेंगाचटणीवर ताव मारायचा आणि खापर सोडियमवर फोडायचं, असं मात्र चालणार नाही!)

ही ओढ किती जबर असते? अमेरिकेत साडेतीन वर्षांचा एक मुलगा बिस्किटांवरचं मीठ चाटायचा, मिठाच्या डबीसाठी हट्ट धरायचा. दवाखान्यात ठेवून त्याला नेहमीचा आहार सुरू केला, आणि काही दिवसांतच तो दगावला. त्याच्या मूत्रपिंडांवरच्या ग्रंथीच निकामी होत्या; तरी सोडियम घटल्याचं मेंदूला इतर संकेतांवरूनही कळतं. मूत्रावाटे वाहून जाणारं मीठ तो खाऊन भरून काढत होता. विल्किन्स आणि रिक्टर यांनी 1940 साली ही हकिगत प्रसिद्ध केली.

प्रथिनांची उणीवही मेंदूला कळते, पण यकृतामार्फत. आहारात प्रथिनं कमी पडली की यकृत एफजीएफ-21 हे संप्रेरक सोडतं. मेंदूत त्याचा संदेश टिपणारा ग्राहक (रिसेप्टर) नसलेले उंदीर प्रथिनांची टंचाई असूनही प्रथिनयुक्त अन्नाकडे वळत नाहीत. ज्वारीत लायसिन हा प्रथिनांचा एक आवश्यक घटक कमी, शेंगदाण्यातही बेताचंच. ते भरून काढायला भाकरीसोबत मटकी, हुलगे लागतात.

लोहाचं मात्र असं नाही. ते घटलं की यकृत लोहाच्या शोषणाला आवर घालणारं हेप्सिडिन हे संप्रेरक कमी करतं आणि आतडी अन्नातलं लोह जास्त शोषतात. पण पालेभाजी किंवा मटणासाठी जीव कासावीस होत नाही. उलट रक्त कमी असलेल्या कित्येक बाया माती, खडू, पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ खातात, बर्फ चघळतात. ‘डोहाळे आहेत, शरीर मागतंय ते द्यावं’ म्हणून घरचे दुर्लक्ष करतात. बर्फात लोह नावालाही नसतं, आणि काही प्रकारची माती तर अन्नातलं लोह धरून ठेवून शोषण आणखी घटवते. अशी तलफ असेल तर हिमोग्लोबिनबरोबर शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिनही तपासायला हवं. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या सुरू झाल्यावर बर्फाची तलफ बऱ्याचदा हिमोग्लोबिन वाढायच्या आधीच थांबते.